मेग्रेची चित्रपट व दूरचित्रवाणी रूपांतरे

ज्यूल मेग्रे हा फ्रेंच भाषेत लेखन करणारे बेल्जियन कादंबरीकार जॉर्ज सिमेनाँ (१९०३–१९८९) यांनी निर्माण केलेला काल्पनिक फ्रेंच पोलीस अधिकारी आहे. १९३१ ते १९७२ या काळात प्रसिद्ध झालेल्या ७५ कादंबऱ्या आणि २८ कथांचा तो नायक आहे. १९३२ पासून फ्रान्स, ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका, जपान आदी देशांत या साहित्यावर चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका तयार झाल्या. मूळ व्यक्तिरेखा एकच असली, तरी प्रत्येक रूपांतरात मेग्रेचे वय, स्वभाव, काळ आणि तपासातील त्याचे स्थान बदलत गेले आहे. प्रस्तुत लेखात या रूपांतरांची तुलना केली आहे.

मूळ व्यक्तिरेखा

मेग्रे हा पॅरिसच्या गुन्हे अन्वेषण पोलीस दलात अधिकारी असून त्याचे कार्यालय सेन नदीकाठी, ३६ के देझोर्फेव्र या पत्त्यावर आहे. तो धिप्पाड बांध्याचा, पाइप ओढणारा, जाड ओव्हरकोट वापरणारा आणि खाण्यापिण्याची आवड असलेला गृहस्थ आहे. पत्नी लुईझसह तो बुलव्हार रिशार-लनुआर या रस्त्यावर राहतो. ल्युका, जाँव्हिए, लापोआँत आणि तोराँस हे त्याचे नेहमीचे सहकारी होत.

शेरलॉक होम्स किंवा अगाथा ख्रिस्ती यांचा एर्क्यूल प्वारो यांच्याप्रमाणे मेग्रे पुराव्यांच्या तुकड्यांवरून निष्कर्ष काढत नाही. गुन्हा घडलेल्या परिसरात तो तासन्तास वावरतो, तेथील कॅफेत बसतो, माणसांचे बोलणे ऐकतो आणि मृताचे व गुन्हेगाराचे आयुष्य समजून घेतो. न्यायनिवाडा करण्यापेक्षा माणूस समजून घेणे महत्त्वाचे, ही सिमेनाँ यांची भूमिका मेग्रेच्या तपासपद्धतीत उतरली आहे. रूपांतरकारांपुढील मुख्य अडचणही येथूनच सुरू होते. वाट पाहणे, ऐकणे आणि मनात एखादी गोष्ट मुरू देणे या क्रिया कादंबरीत निवेदनातून सांगता येतात. पडद्यावर त्या अभिनयातून, वातावरणातून किंवा बदललेल्या कथानकातून दाखवाव्या लागतात.

प्रारंभीचे चित्रपट (१९३२–१९३३)

मेग्रेवरील पहिला चित्रपट 'ला न्वी द्यु कार्फूर' ('चौकातील रात्र', १९३२) हा होय. ज्याँ रन्वार यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात त्यांचे थोरले बंधू पिएर रन्वार यांनी मेग्रेची भूमिका केली. चित्रीकरण पॅरिसच्या उत्तरेकडील बूफेमाँ येथे हिवाळ्यात झाले. धुके, पाऊस, चिखल आणि रात्रीचा अंधार यांनी चित्रपटाचा मोठा भाग व्यापला आहे. कथानकाचे काही दुवे प्रेक्षकाला सहज लागत नाहीत, ही त्यावरील नेहमीची टीका आहे. वातावरणनिर्मितीच्या बाबतीत मात्र हा चित्रपट सिमेनाँ यांच्या लेखनाच्या फार जवळ जातो, असे अनेक समीक्षक मानतात.

त्याच वर्षी ज्याँ तारिद यांनी 'ल शियाँ जोन' ('पिवळा कुत्रा') दिग्दर्शित केला. त्यात दिग्दर्शकाचे वडील आबेल तारिद मेग्रेच्या भूमिकेत होते. १९३३ मध्ये ज्यूलियँ द्युव्हिव्हिए यांचा 'ला तेत दँन ऑम' ('एका माणसाचे शिर') प्रदर्शित झाला. त्यातील मेग्रे आरी बोर यांनी साकारला. प्रारंभीच्या या अनुभवांनी सिमेनाँ समाधानी नव्हते आणि त्यानंतर काही वर्षे मेग्रेवर नवा चित्रपट निघाला नाही.

जर्मन अंमलाखालील फ्रान्स

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात असताना जर्मन भांडवलावर चालणाऱ्या काँतिनाँताल फिल्म्स या संस्थेने मेग्रेवर तीन चित्रपट काढले. 'पिकप्यूस' (१९१३ नव्हे, १९४३) आणि 'ले काव्ह द्यु माजेस्तिक' (१९४५) यांचे दिग्दर्शन रिशार पोतिए यांनी, तर 'सेसिल ए मॉर्त' (१९४४) याचे दिग्दर्शन मोरिस तुर्नर यांनी केले. तिन्ही चित्रपटांत आल्बेर प्रेजाँ हे मेग्रे होते. प्रेजाँ यांची ख्याती गाणाऱ्या, खेळकर नायकाची होती. त्यामुळे हा मेग्रे मूळ व्यक्तिरेखेपेक्षा सडपातळ, चपळ आणि विनोदी झाला. 'ले काव्ह द्यु माजेस्तिक'चे पटकथाकार शार्ल स्पाक यांना जर्मनांनी अटक केली होती व पटकथेचे काम त्यांनी तुरुंगात केले. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा फ्रान्स मुक्त झाला होता.

ज्याँ गाबँ यांचा मेग्रे

युद्धोत्तर काळात ज्याँ गाबँ यांनी तीन चित्रपटांत मेग्रे साकारला: ज्याँ दलान्वा दिग्दर्शित 'मेग्रे ताँ अँ पिएज' ('मेग्रे सापळा रचतो', १९५८) व 'मेग्रे ए लाफेर सँ-फियाक्र' (१९५९), आणि जिल ग्राँजिए दिग्दर्शित 'मेग्रे व्हुआ रूज' (१९६३). गाबँ हे त्या वेळी फ्रेंच चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य नट होते. त्यांच्या प्रतिमेचा परिणाम कथानकावरही झाला.

'सँ-फियाक्र प्रकरण' हे याचे ठळक उदाहरण आहे. १९३२ च्या मूळ कादंबरीत मेग्रे आपल्या जन्मगावी परततो. त्याचे वडील तेथील गढीच्या जमीनदारीचे कारभारी होते. लहानपणी ज्या काउंटेसबद्दल त्याला आदर वाटत असे, तिचा चर्चमध्ये मृत्यू होतो. कादंबरीत शेवटचा उलगडा मेग्रे करीत नाही; काउंटेसचा मुलगा सर्व संशयितांना रात्रीच्या जेवणाला बसवून तो घडवून आणतो आणि मेग्रे बहुतांशी पाहत राहतो. चित्रपटात हे सूत्र मेग्रेच्या हाती येते आणि गाबँ संतप्त भाषणात दोषींची कानउघाडणी करतात. प्रसंग नाट्यमय झाला आहे. पण बालपणीच्या जगाचा ऱ्हास हतबलपणे पाहणारा कादंबरीतील मेग्रे त्यात मागे पडतो.

दूरचित्रवाणी मालिका

मेग्रेच्या कथा आटोपशीर आणि मोजक्या पात्रांच्या असल्यामुळे दूरचित्रवाणीला त्या सोयीच्या ठरल्या. बीबीसीने १९६० ते १९६३ या काळात रुपर्ट डेव्हिस यांना घेऊन ५२ भागांची कृष्णधवल मालिका सादर केली. शीर्षकदृश्यात भिंतीवर काडी ओढून पाइप पेटवणारा मेग्रे ब्रिटिश प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला. सिमेनाँ यांनाही डेव्हिस यांची निवड पसंत होती.

इटलीत राय या सरकारी वाहिनीवर १९६४ ते १९७२ या काळात जिनो चेर्व्ही यांची मालिका प्रसारित झाली. दिग्दर्शन मारिओ लांदी यांचे होते. आंद्रेइना पान्यानी यांनी साकारलेल्या मेग्रेच्या पत्नीला येथे बरेच महत्त्व मिळाले. घर, जेवणाचे टेबल आणि पती-पत्नीमधील मिश्किल संवाद हे या मालिकेचे वैशिष्ट्य होते. नेदरलँड्समध्ये यान ट्यूलिंग्स यांनी, तर १९६६ च्या जर्मन चित्रपटात हाइन्त्स र्‍यूमान यांनी ही भूमिका केली. १९७८ मध्ये जपानी मालिकेने मेग्रेच्या कथा थेट टोकियोत नेल्या.

३ सप्टेंबर १९६६ रोजी नेदरलँड्समधील डेल्फझाइल या बंदरात मेग्रेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मेग्रेची कल्पना आपल्याला १९२९ मध्ये याच गावी सुचली, असे सिमेनाँ सांगत. समारंभाला सिमेनाँ यांच्यासह डेव्हिस, चेर्व्ही, ट्यूलिंग्स आणि र्‍यूमान असे चार देशांतील चार 'मेग्रे' उपस्थित होते.

फ्रान्समध्ये ज्याँ रिशार यांनी १९६७ ते १९९० या काळात ८८ भागांत मेग्रे साकारला. या मालिकेतील कथा चित्रीकरणाच्या समकालीन फ्रान्समध्ये घडतात. त्यानंतर ब्र्यूनो क्रेमेर यांची ५४ भागांची मालिका (१९९१–२००५) आली. तिने उलट मार्ग स्वीकारून कथा प्रामुख्याने १९५० च्या दशकात ठेवल्या. क्रेमेर यांचा मेग्रे मितभाषी आणि संथ आहे. दीर्घ शांतता, मंद हालचाली आणि संशयितावर स्थिरावलेली नजर यांतून त्याचा तपास पुढे सरकतो.

ब्रिटनमध्ये मायकेल गॅम्बन यांनी १९९२ व १९९३ मध्ये एकूण १२ भागांत, तर 'मिस्टर बीन' म्हणून प्रसिद्ध असलेल्या रोवन ॲटकिन्सन यांनी २०१६ व २०१७ मध्ये चार दूरचित्रपटांत ही भूमिका केली. दोन्हींचे चित्रीकरण बुडापेस्ट येथे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यातील पॅरिस दाखवण्यासाठी प्रत्यक्ष पॅरिसऐवजी मध्य युरोपातील शहरे वापरण्याची प्रथा या काळात रूढ झाली.

एकाच कादंबरीची निरनिराळी रूपांतरे

*एका माणसाचे शिर.* १९३१ च्या या कादंबरीत देहदंडाची शिक्षा झालेला कैदी निर्दोष असल्याची मेग्रेची खात्री असते. खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचण्यासाठी तो त्या कैद्याला तुरुंगातून पळून जाऊ देतो. पुढे त्याची गाठ रादेक या बुद्धिमान, आजारी आणि कडवट तरुणाशी पडते. द्युव्हिव्हिए यांच्या १९३३ च्या चित्रपटात गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला लवकर कळते. त्यामुळे लक्ष रहस्याऐवजी रादेकच्या मनोवस्थेवर राहते. वालेरी इंकिजिनॉफ यांचा रादेक आणि बोर यांचा जडशीळ मेग्रे यांच्यातील सामना हा चित्रपटाचा गाभा आहे. याच कादंबरीवरील 'द मॅन ऑन द आयफेल टॉवर' या अमेरिकी चित्रपटात (१९५०) चार्ल्स लॉटन मेग्रेच्या आणि फ्रँचॉट टोन रादेकच्या भूमिकेत होते. दिग्दर्शक बर्जेस मेरेडिथ यांनी स्वतःही त्यात काम केले. रंगीत पॅरिसदर्शन आणि आयफेल टॉवरवरील थरारक चढाई ही त्याची आकर्षणे होत. ती चढाई कादंबरीत नाही.

*मेग्रे सापळा रचतो.* १९५५ च्या या कादंबरीत माँमार्त्र भागात स्त्रियांचे एकामागून एक खून होतात. खुन्याला आपल्या कृत्यांचे श्रेय दुसऱ्याला गेलेले सहन होणार नाही, असा अंदाज बांधून मेग्रे एका खोट्या अटकेचा देखावा करतो आणि महिला पोलिसांना आमिष म्हणून रस्त्यांवर पाठवतो. संशयित कोठडीत असतानाच आणखी एक खून होतो. त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या आई आणि पत्नी यांच्यातील चढाओढीत कथेची उकल दडलेली आहे.

दलान्वा यांच्या १९५८ च्या चित्रपटात घटनास्थळ माँमार्त्रऐवजी मारे भागात आहे. चित्रपटाचा भर लांबलेल्या चौकशीवर असून गाबँ कधी वडीलधाऱ्यासारखे समजावतात, तर कधी कडाडतात. आनी जिरार्दो यांनी संशयिताच्या पत्नीची भूमिका केली. क्रेमेर यांच्या मालिकेतील भाग (१९९६) चेक दिग्दर्शक युराय हेर्झ यांचा आहे. ॲटकिन्सन यांच्या २०१६ च्या रूपांतरात माँमार्त्र व १९५० चे दशक कायम आहे; पण अपयशाबद्दल वरिष्ठांचा व वृत्तपत्रांचा दबाव सोसणारा, जवळजवळ आतल्या आत बोलणारा मेग्रे दिसतो. गाबँ आपल्या उपस्थितीने खोली भरून टाकतात. ॲटकिन्सन समोरच्याला बोलण्यासाठी जागा मोकळी ठेवतात.

*मेग्रे आणि मृत तरुणी.* १९५४ च्या या कादंबरीवर पात्रिस लकाँत यांनी २०२२ मध्ये 'मेग्रे' हा चित्रपट केला. जेरार दपार्दिए यांनी साकारलेला मेग्रे थकलेला आहे आणि डॉक्टरांनी त्याला पाइप सोडायला सांगितला आहे. भाड्याच्या उंची पोशाखात मृत सापडलेली तरुणी कोण होती, हा कादंबरीतील प्रश्न चित्रपटातही केंद्रस्थानी आहे. गुन्ह्याची उकल मात्र बदलली असून मेग्रे दांपत्याने गमावलेल्या मुलीच्या दुःखाला अधिक स्थान दिले आहे. घटनाक्रमात मूळ कादंबरीपासून दूर जाऊनही मृत व्यक्तीचे आयुष्य जाणून घेण्याची मेग्रेची रीत हा चित्रपट जपतो.

तुलनात्मक निरीक्षणे

*काळ.* सिमेनाँ यांनी चार दशकांहून अधिक काळ लेखन केले. तरी मेग्रेचे वय कथांमध्ये त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे निर्मात्यांना काळाची निवड करावी लागते. १९३० च्या दशकातील चित्रपट आणि ज्याँ रिशार यांची मालिका समकालीन आहेत. क्रेमेर, गॅम्बन, ॲटकिन्सन आणि दपार्दिए यांची रूपांतरे गतकाळात घडतात. २०२५ मध्ये अमेरिकेतील पीबीएस वाहिनीवर आलेल्या मालिकेत बेंजामिन वेनराइट यांनी आजच्या पॅरिसमधील तरुण मेग्रे साकारला.

*देहयष्टी.* कादंबऱ्यांत मेग्रेचे वजनदार शरीर हा त्याच्या अस्तित्वाचा भाग आहे. बोर, लॉटन, गाबँ, क्रेमेर आणि दपार्दिए या वर्णनाच्या जवळचे आहेत. प्रेजाँ, ॲटकिन्सन आणि वेनराइट यांची निवड त्यापासून दूर जाते.

*गुन्हेगाराकडे पाहण्याची दृष्टी.* मूळ साहित्यात अटकेनंतर मेग्रेला विजयाचा आनंद क्वचितच होतो. पाठलाग किंवा जाहीर निर्भर्त्सना यांवर शेवट करणारी रूपांतरे या बाबतीत मूळ साहित्यापासून दुरावतात. चौकशीनंतरची उदासी दाखवणारी रूपांतरे, कथानकात बदल करूनही, त्याच्या अधिक जवळ राहतात.

प्रमुख अभिनेते

| अभिनेता | काळ | माध्यम | देश |
|---|---|---|---|
| पिएर रन्वार | १९३२ | चित्रपट | फ्रान्स |
| आरी बोर | १९३३ | चित्रपट | फ्रान्स |
| आल्बेर प्रेजाँ | १९४३–१९४५ | तीन चित्रपट | फ्रान्स |
| चार्ल्स लॉटन | १९५० | चित्रपट | अमेरिका |
| ज्याँ गाबँ | १९५८–१९६३ | तीन चित्रपट | फ्रान्स |
| रुपर्ट डेव्हिस | १९६०–१९६३ | मालिका, ५२ भाग | ब्रिटन |
| जिनो चेर्व्ही | १९६४–१९७२ | मालिका | इटली |
| ज्याँ रिशार | १९६७–१९९० | मालिका, ८८ भाग | फ्रान्स |
| ब्र्यूनो क्रेमेर | १९९१–२००५ | मालिका, ५४ भाग | फ्रान्स |
| मायकेल गॅम्बन | १९९२–१९९३ | मालिका, १२ भाग | ब्रिटन |
| रोवन ॲटकिन्सन | २०१६–२०१७ | चार दूरचित्रपट | ब्रिटन |
| जेरार दपार्दिए | २०२२ | चित्रपट | फ्रान्स |
| बेंजामिन वेनराइट | २०२५ | मालिका | अमेरिका |