परतीची तयारी दोन्ही किनाऱ्यांवर

आज गाडीने येताना नागोठणे मागे पडलं आणि निडीला उतरलो. पुढचं स्टेशन रोहा, त्यामुळे कोणापासून सुरुवात करायची हे आपोआप ठरलं. त्याआधी एक गोष्ट. व्याख्यानापूर्वी चहा घेताना इथल्याच एका बाईंनी विचारलं, "सर, मुलगा जर्मनीत शिकतोय, दिवाळीनंतर येईल. आम्ही काय तयारी करायची?" आम्ही उत्तर दिलं नाही. पण प्रश्न फार चांगला आहे. आपण नेहमी परतणाऱ्याच्या ट्रंकेकडे बघतो, घरच्यांच्या तयारीकडे बघत नाही.

तर रोह्यापासून. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896चा, महाड तालुक्यातल्या नात्याचा. बालपण रोह्यात गेलं. 1912ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि मग केंब्रिजला जीजस कॉलेजात गेले. तिथे वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं आणि 1918ला आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिले आले! आता परतायची तयारी म्हणजे काय उरलं? नोकरी ठरलेली, पगार ठरलेला. पण मनाची तयारी होत नव्हती. लोकमान्य टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनला होते. देशमुख त्यांना भेटले. ही चाकरी सोडून देशकार्यात पडावं का, असं विचारलं. टिळकांनी सांगितलं, सोडू नका, स्वराज्य आल्यावर हा अनुभव लागेल. बघा, सल्ला देणारा माणूस स्वतः मंडालेहून आलेला! देशमुख 1920ला परतले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात रुजू झाले. त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवलेली होती. शंका होती ती त्यांच्या बाजूला.

आता त्याच सुमारास इंग्लंडात असलेला दुसरा विद्यार्थी घेऊ. भीमराव आंबेडकर. 1913ला बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार. 1916ला लंडनला आले, ग्रेज इनमध्ये नाव घातलं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू केला, आणि 1917ला शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा राहिला.

त्यांनी काय तयारी केली ते आम्हाला फार बोलकं वाटतं. पहिली गोष्ट, त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल. परत जाताना पुन्हा येण्याचा रस्ता उघडा ठेवला. दुसरी गोष्ट पुस्तकांची. सामान थॉमस कुककडे सोपवलं, ते वेगळ्या बोटीने निघालं, आणि स्वतः मार्सेयहून 'कैसर-ए-हिंद' बोटीवर चढले. महायुद्ध चालू होतं. सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. माणूस ऑगस्टमध्ये मुंबईला सुखरूप पोचला. पुस्तकं भूमध्य समुद्राच्या तळाशी. भरपाई मिळाली सुमारे 600 रुपये, आणि त्यातूनच पुढे बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. आयुष्यभर पुस्तकांसाठी पोट मारणाऱ्या माणसाला बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून तिकीट काढावं लागलं.

आणि बडोद्यात काय तयारी होती? त्यांना स्टेशनवर उतरवून घ्या, अशी महाराजांची आज्ञा होती. कोणी गेलं नाही. महार अधिकारी येतोय ही बातमी मात्र आधी पोचली होती. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशांच्या मुसाफिरखान्यात राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन आले आणि जागा खाली करा म्हणाले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. मग कामाठी बागेत पाच तास बसून त्यांनी मुंबईची रात्रीची गाडी पकडली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय.

करार होता, पद होतं, राजाची इच्छाही होती. नव्हतं ते छप्पर. ज्ञान घेऊन ये, असं सांगून समाज माणसाला पाठवतो आणि आल्यावर त्याला बसायला चटई देत नाही, ह्याला काय म्हणायचं? आम्ही इतकी वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, वचनपालनावर व्याख्यानं झोडली. त्यात वचन नेहमी जाणाऱ्याचं असायचं. पाठवणाऱ्याच्या वचनाचा विषय आम्हीही फारसा काढला नाही, हे कबूल करतो.

उलटं उदाहरण आनंदीबाई जोशींचं. 11 मार्च 1886ला फिलाडेल्फियात पदवी मिळाली, आणि त्या परतण्याआधीच कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली. म्हणजे इथे किनारा तयार होता. पण क्षयाने पोखरलेली कुडी साथ देईना. नोव्हेंबरात आल्या, 26 फेब्रुवारी 1887ला पुण्यात गेल्या.

आंबेडकर 1920ला पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातली नोकरी सोडली, नवल भथेनांनी कर्ज दिलं, शाहू महाराजांनी मदत केली. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर झाले आणि एप्रिल 1923ला परतले. ह्या खेपेला कोणाच्या नोकरीवर विसंबले नाहीत. मुंबईत वकिली सुरू केली. 1927ला महाडला चवदार तळ्यावर आले. देशमुखांचं नाते त्याच तालुक्यातलं. देशमुख 1943ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि 1950ला हे दोघे एकाच मंत्रिमंडळात बसले, एक अर्थखात्यावर, दुसरे कायदेखात्यावर.

चहाच्या वेळी विचारणाऱ्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुमचा मुलगा जर्मनीत काय शिकतोय, ते आम्ही विचारलंच नाही. सांगा बघू.