लष्करातील बैठक : मान, पाळी आणि भाषा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस वसलेला ‘लष्कर’ हा भाग मुळात छावणी होता. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी उज्जैनहून आपला तळ येथे हलविला. तंबूंच्या जागी वाडे आले, पेठा आल्या, आणि नाव मात्र तेच राहिले. शितोळे, फाळके, आंग्रे आदी सरदार घराण्यांसमवेत मराठी रीतिरिवाजही येथे रुजले.

मराठीत ‘बैठक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : गादी-तक्क्यांची मांडणी आणि विचारविनिमयासाठी जमलेली मंडळी. दरबारी काळात या दोहोंत फारसा भेद नव्हता. कोण कोठे बसतो यावरूनच त्याचा अधिकार कळे. ज्याच्या आगमनप्रसंगी राजा स्वतः उठून उभा राहत असे, त्याला ‘ताजीम’ असल्याचे म्हणत. भेट संपल्याची खूणही ठरलेली होती. मराठी आणि उत्तर हिंदुस्थानी दरबारांत अत्तर-पान पुढे आले की पाहुण्याने निरोप घ्यावयाचा. कोणी कोणास ‘आता उठा’ असे सांगण्याचा प्रसंगच येत नसे. ही सोय आजच्या लांबत जाणाऱ्या बैठकांना लाभलेली नाही.

माधवराव शिंदे (कारकीर्द १८८६ ते १९२५) यांच्या काळात राज्यकारभारासाठी सल्लागार मंडळे आली. राज्यकारभारासंबंधीचे आपले विचार त्यांनी ‘दरबार पॉलिसी’ या ग्रंथात मांडले. १९०५ मध्ये ग्वाल्हेरचा व्यापार मेळा सुरू झाला, आणि १९०६ मध्ये आज मध्य प्रदेश चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री म्हणून ओळखली जाणारी व्यापाऱ्यांची संस्था येथे उभी राहिली. अशा मंडळांत बसण्याच्या जागेपेक्षा बोलण्याची पाळी महत्त्वाची ठरते : विषयपत्रिका, अध्यक्षांची अनुमती, इतिवृत्त. तरीही वयोवृद्ध सदस्य आल्यावर उठून उभे राहण्याची सवय जुन्या पेठांतून सहजी जात नाही. ती जावी असेही नाही.

गोवा वा महाराष्ट्रातून व्यवहारासाठी ग्वाल्हेरला जाणाऱ्यास खरी अडचण येते ती भाषेची. मराठीत ‘तुम्ही’ हे आदरार्थी संबोधन आहे. त्याच भावनेने मराठी माणूस हिंदीत ‘तुम’ म्हणून जातो, आणि समोरच्या वडीलधाऱ्या व्यापाऱ्यास तो सरळ उपमर्द वाटतो. तेथे ‘आप’ आणि त्याबरोबरचे ‘बैठिए’, ‘बताइए’ हेच योग्य; ‘बैठो’, ‘बताओ’ ही रूपे बरोबरीच्या मित्रास वा धाकट्यास शोभतात. बोलणाऱ्यास आपली चूक उमगतही नाही, आणि ऐकणारा सौजन्याने ती बोलून दाखवीत नाही. सौदा मात्र थंडावतो. लष्करातील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषांत वावरत असल्याने त्यांना हा भेद सांगावा लागत नाही. नवख्याने पहिल्या भेटीपूर्वी त्यांच्यापैकीच कोणाचे बोलणे थोडा वेळ ऐकावे.

निघतानाही असाच घोटाळा होतो. आपल्याकडे ‘जातो’ म्हणणे अशुभ मानून ‘येतो’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याचे शब्दशः ‘आता हूँ’ केले, तर यजमान समजतो की पाहुणा क्षणभर बाहेर जाऊन परतणार आहे, आणि चहा पुन्हा मागविला जातो. तेथे ‘आज्ञा दीजिए’ म्हणून हात जोडावेत.