वेताळाचा प्रश्न आणि श्रोत्यांचा वाद

ग्रंथात वाचलेली अद्भुत कथा पडद्यावर अवतरली, म्हणजे तिच्या चाहत्यांत दोन पक्ष पडल्यावाचून राहत नाहीत. एक पक्ष ग्रंथाचा कैवारी. मूळ कथेतला एखादा प्रसंग गळला किंवा पात्राचे रूप पालटले, तर त्याला तो मूर्तिभंगच वाटतो. दुसरा पक्ष खेळाचा कैवारी. ज्याने मन खिळवून ठेवले ते योग्यच झाले, असे त्याचे म्हणणे. हा तंटा दूरचित्रवाणीने जन्मास घातला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वेताळपंचविशीचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाही. या कथांचे वय हजार वर्षांहून कमी नाही, आणि वादाचे वयही तितकेच आहे.

१९८५ साली रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर दाखविण्यात आली. अरुण गोविल हे विक्रम झाले होते व सज्जन या जुन्या नटाने वेताळाचे काम केले होते. त्या सुमारास लहान शक्तीची प्रक्षेपणकेंद्रे देशभर झपाट्याने उभी राहत होती आणि मोठ्या शहरांपुरते असलेले दूरदर्शन जिल्ह्याच्या गावी पोहोचू लागले होते. तथापि संच ही घरोघरची वस्तू नव्हती. ज्या घरी तो असे, त्या घरी आळीतली पोरेबाळे आणि वडीलधारी माणसे दाटीवाटीने बसत. खेळ संपला, की वेताळाच्या प्रश्नाला राजाने दिलेले उत्तर बरोबर की चूक, याची चर्चा व्हावी हे ओघानेच आले. कारण कथेची रचनाच तशी आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाचा या कथेशी संबंध दुहेरी होता. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला, आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपुराशी बांधलेला राहिला. त्यामुळे घरात मराठी व बाजारात हिंदी, असे दोन्ही भाषांचे वळण तेथे अंगवळणी पडले होते. हिंदीतली ‘बैताल पचीसी’ आणि मराठीतली ‘वेताळपंचविशी’ या दोन्ही परंपरा त्या मुलखाला परक्या नव्हत्या. शिवाय नद्यांचे एक नाते आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा वणीच्या बाजूस वर्धा नदीस मिळते, आणि ते पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीस जाते. अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाने आपल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळ खांद्यावर वाहणारा राजा याच गोदावरीच्या काठी, प्रतिष्ठान नगरात, म्हणजे पैठणास बसविला आहे. त्याचे नाव उज्जयिनीचा विक्रमादित्य नव्हे. ते आहे त्रिविक्रमसेन.

येथेच ग्रंथाच्या कैवाऱ्याची पहिली अडचण उभी राहते. मालिका सोमदेवाच्या कथांवर आधारलेली म्हणून सांगितली गेली. परंतु तिचा राजा उज्जयिनीचा. मग मूळ बिघडविले कोणी? दूरदर्शनने निश्चितच नव्हे. सोमदेवानंतरच्या कित्येक पाठांत विक्रमादित्य केव्हाच आलेला होता, आणि लोकांच्या तोंडी तोच रुळला होता. सोमदेवाच्याच शतकात, त्याच काश्मिरात, क्षेमेंद्राने हीच सामग्री निराळ्या रीतीने सांगितली. शिवदास व जंभलदत्त यांच्या संस्कृत प्रती पुन्हा वेगळ्या. १८०५ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजासाठी लल्लूलाल व मझहर अली विला यांनी ‘बैताल पचीसी’ सिद्ध केली, ती एका ब्रज रूपांतरावरून. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली आली. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली पंचविसांतल्या अकराच गोष्टी उचलल्या, त्यांत पदरची बरीच भर घातली, आणि वेताळाला युरोपातल्या रक्त शोषणाऱ्या पिशाचाचे नाव दिले. कोकणात व गोव्यात ज्या वेताळाला गावचा राखणदार म्हणून नारळ वाढवितात, त्याची ही केवढी अवहेलना!

आणि खुद्द सोमदेव तरी मूळ कोठे आहे? आपण गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चा सारांश सांगत आहोत, हे तो स्वतःच कबूल करतो. त्या बृहत्कथेची आख्यायिका मोठी बोधप्रद आहे. सातवाहन राजाने पैशाची भाषेतला म्हणून तो ग्रंथ अव्हेरला. तेव्हा गुणाढ्याने रानात अग्निकुंड पेटविले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो ते आगीत टाकू लागला. जनावरे चरणे सोडून, डोळ्यांत आसवे आणून ऐकत राहिली. त्यांचे मांस सुकले. आणि ते खाऊन राजा आजारी पडला, तेव्हा कोठे त्याला या प्रकाराचा पत्ता लागला. सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष तोवर भस्म झाले होते. आख्यायिका खरी असो वा नसो, तिचा अभिप्राय स्पष्ट आहे. कथेची किंमत राजसभेला कळली नाही; ती श्रोत्यांना कळली. आणि मूळ ग्रंथ म्हणून ज्याचा हट्ट धरावा, तो तर आज कोणाच्याच हाती नाही.

महाराष्ट्रातल्या १९८५ च्या प्रेक्षकाच्या मनात मात्र सोमदेवही नव्हता आणि छत्रेही नव्हते. त्याच्या मनात होता ‘चांदोबा’. १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत निघालेल्या ‘चंदामामा’ मासिकाची ही मराठी आवृत्ती १९५२ पासून घरोघर येऊ लागली. तिच्यातल्या वेताळकथांनी पंचविसांची मर्यादा केव्हाच ओलांडली. लेखक नव्या नव्या गोष्टी रचीत आणि त्या वेताळाच्या तोंडी घालीत. चित्रकार के. सी. शिवशंकरन् ऊर्फ शंकर यांनी काढलेले चित्र कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत ठसले. स्मशानातली वाट, हाती तलवार घेतलेला राजा, आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारे ते प्रेत. अशा वाचकाने पडद्यावरचा पांढऱ्या केसांचा, खदखदा हसणारा वेताळ पाहिला, तेव्हा त्याने तो ताडून पाहिला तो या चित्राशी. ज्याला तो मूळ समजत होता, तेच मुळी एक रूपांतर होते. पुढे २०१८ साली दुसऱ्या एका वाहिनीने मकरंद देशपांडे यांना वेताळ करून हीच कथा नव्याने मांडली, तेव्हा १९८५ ची मालिका ‘मूळ’ होऊन बसली होती. कालचे रूपांतर आज प्रमाणग्रंथ ठरते, तो असा.

मग या सर्व स्थित्यंतरांत टिकले ते काय? राजाचे नाव टिकले नाही, नगर टिकले नाही, गोष्टींचा क्रमही टिकला नाही. टिकला तो प्रश्न. मंदारवतीच्या कथेत एका कन्येचे तीन वर आहेत. ती मरण पावते. एक तिच्या चितेच्या राखेवर निजून राहतो. दुसरा तिच्या अस्थी गंगेस नेतो. तिसरा देशोदेशी हिंडून संजीवनीचा मंत्र मिळवितो आणि तिला उठवितो. ती कोणाची? राजा म्हणतो, ज्याने जीव दिला तो पिता, ज्याने अस्थी नेल्या तो पुत्र, आणि जो राखेशी एकनिष्ठ राहिला तोच पती. उत्तर चातुर्याचे आहे. पण ते ऐकून कोणत्याही माजघरात निदान एक तरी आवाज उठल्यावाचून राहणार नाही, की जिने पुन्हा डोळे उघडले त्या मुलीला कोणी विचारले काय? राजाच्या उत्तराने खटला मिटत नाही, तो श्रोत्यांच्या दरबारात दाखल होतो.

हे नुसते कल्पनेने म्हटलेले नाही. वाङ्मयाच्या इतिहासात तसे घडले आहे. दोन पुरुषांची मस्तके एकमेकांच्या धडांवर चुकून बसतात, त्या कथेत सोमदेवाच्या पाठात ते दोघे पती व भाऊ आहेत, तर इतरत्र पती व मित्र. राजाचा निकाल असा, की मस्तक श्रेष्ठ, म्हणून मस्तक ज्याचे तो पती. जर्मन कादंबरीकार टोमास मान यांना हा निकाल पटला नाही. त्यांनी १९४० साली त्यावर कादंबरी लिहिली आणि निकालानंतरचा संसार कसा झाला असेल, ते दाखविले. गिरीश कार्नाड यांनी १९७१ साली ‘हयवदन’ नाटकात तोच धागा पुढे नेला. धडालाही स्वतःची स्मृती असते, हे रंगभूमीवर उभे केले. मान आणि कार्नाड यांनी मूळ कथा बिघडविली, असे कोणी म्हणत नाही. त्यांनी राजाशी वाद घातला, आणि वेताळाला तेच हवे असते. मंगोल देशात पोहोचलेल्या रूपात तर वेताळ प्रश्नही विचारीत नाही. कथेत गुंगलेल्या राजपुत्राच्या तोंडून नकळत उद्गार निघतो, आणि तेवढ्यावर प्रेत निसटते. ऐकणारा गप्प राहू शकत नाही, हेच या कथाचक्राचे वंगण होय.

रूपांतराची परीक्षा यावरून करावी. किती प्रसंग गाळले, वेताळाचे केस कसे दाखविले, हे प्रश्न गौण होत. १९७३ साली यवतमाळास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ग. दि. माडगूळकर यांना मिळाले होते. त्यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसृत झाले, ते छप्पन्न गीतांत. वाल्मीकीचे सहस्रावधी श्लोक त्यात मावले नाहीत, म्हणून श्रोत्यांनी तक्रार केली नाही. कारण प्रत्येक पात्र स्वतःच्या मुखाने बोलले आणि ऐकणाऱ्याला आपल्या मनाशी काही ताडून पाहण्यास अवसर राहिला. जेथे असा अवसर उरतो, तेथे ग्रंथाचे काही हरवत नाही. उलट, एकही शब्द न गाळता केलेल्या खेळात प्रेक्षकाला विचारच करू दिला नाही, तर तो ग्रंथाशी बेइमान ठरेल. भीती बाळगावयाची ती याची. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये क्षणाचीही उसंत नसेल, आणि खोलीत बसलेली माणसे एकमेकांकडे न पाहता पुढच्या भागाकडे वळतील, तर त्या दिवशी वेताळ खांद्यावर असूनही मुका झाला असे समजावे.

सोमदेवाच्या पंचविशीत अखेरचा प्रश्न येतो. पायांच्या ठशांवरून ठरविताना घोटाळा होऊन पिता मुलीशी आणि पुत्र तिच्या आईशी विवाह करतो. त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते काय? राजा विचार करतो, आणि प्रथमच काही बोलत नाही. एवढे तेवीस निकाल देणारा न्यायी राजा येथे निरुत्तर होतो, आणि त्या मौनावरच वेताळ प्रसन्न होऊन कपटी भिक्षूच्या हातून त्याचे प्राण वाचविण्याची युक्ती त्याला सांगतो. पैठणच्या स्मशानातला तो प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पुस्तकातून असो वा पडद्यावरून, तो ज्यांच्या कानी पडेल, त्यांनी तो आपापसांत सोडवून पाहावयाचा आहे.