रेनबो फार्म : पाच दिवसांचा वेढा आणि दोन मृत्यू

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, इंडियाना राज्याच्या सीमेलगत कॅस कौंटी नावाचा शेतीप्रधान परगणा आहे. तेथील व्हँडेलिया या लहानशा गावाजवळ ३४ एकरांचे एक शिबिरस्थळ होते, त्याचे नाव रेनबो फार्म. गांजावरील बंदी उठवावी, अशी उघड मागणी करणाऱ्यांचे ते मेळ्याचे ठिकाण होते. ३१ ऑगस्ट २००१ रोजी या जागेला पोलिसांचा वेढा पडला. ४ सप्टेंबरच्या सकाळी तो उठला, तेव्हा जागेचे मालक टॉम क्रॉसलिन (४६) आणि त्यांचे जोडीदार रोलंड ऊर्फ रॉली रोम (२८) हे दोघेही पोलिसांच्या गोळ्यांनी मृत्युमुखी पडले होते. बरोबर एका आठवड्याने न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि मिशिगनमधील ही घटना अमेरिकी वृत्तपत्रांच्या पानांवरून जवळजवळ पुसली गेली. भारतात तर ती फारशी कुणाच्या कानीही आली नाही.

ग्रोव्हर टॉमस क्रॉसलिन हे मूळचे शेजारच्या इंडियानातील एल्कहार्ट शहराचे. पडकी घरे विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि भाड्याने द्यायची, या व्यवसायात त्यांनी बऱ्यापैकी पैसा मिळविला होता. त्यातूनच त्यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही जमीन घेतली. रोम हे त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान, स्वभावाने अबोल. रोम यांना पूर्वीच्या संबंधातून एक मुलगा होता आणि तो या दोघांच्या घरात वाढत होता. क्रॉसलिन हे राजकीय परिभाषेत डावे नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. खासगी मालमत्तेचा हक्क, शस्त्र बाळगण्याचा हक्क आणि सरकारने माणसाच्या उंबरठ्याबाहेर थांबावे हा आग्रह, अशी त्यांची विचारसरणी होती. अमेरिकेच्या ग्रामीण मध्यपश्चिमेत ती मुळीच अपरिचित नाही. अपरिचित होते ते तिच्याशी समलिंगी सहजीवन आणि गांजा यांची सांगड घालणे.

१९९६ पासून रेनबो फार्मवर दरवर्षी दोन मोठे मेळे भरू लागले. मे महिन्याच्या अखेरीस ‘हेम्पएड’ आणि सप्टेंबरच्या आरंभी, अमेरिकी कामगार दिनाच्या सुटीत, ‘रोच रोस्ट’. तंबू ठोकून राहणारे हजारो लोक, संगीत, भाषणे आणि स्वाक्षरी मोहिमा, असे त्यांचे स्वरूप असे. विनोदी अभिनेते टॉमी चाँग तेथे येऊन गेले, कंट्री संगीतातील दिग्गज मर्ल हॅगर्डही गाऊन गेले. गांजासमर्थकांचे मुखपत्र मानल्या जाणाऱ्या ‘हाय टाइम्स’ मासिकाने जगातील पंचवीस ठिकाणांच्या यादीत या शेताचा समावेश केला. केवळ मौजमजा हा हेतू नव्हता. वैयक्तिक वापरासाठी मर्यादित गांजा बाळगण्यास मुभा देणारी घटनादुरुस्ती मिशिगनमध्ये मतदानाला आणण्याचा प्रयत्न त्या काळात चालू होता, आणि त्यासाठी सह्या गोळा करण्याचे हे एक प्रमुख केंद्र होते. पुरेशा सह्या मात्र जमल्या नाहीत.

मिशिगनमध्ये या चळवळीला जुनी परंपरा आहे. कवी आणि कार्यकर्ते जॉन सिंक्लेअर यांना १९६९ मध्ये गांजाच्या दोन विड्यांसाठी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा झाली होती. त्यांच्या सुटकेसाठी १० डिसेंबर १९७१ रोजी अॅन आर्बर येथे झालेल्या सभेत जॉन लेनन आणि योको ओनो यांनी गाणी म्हटली. तीन दिवसांनी सिंक्लेअर सुटले, आणि मार्च १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर नवा कायदा लागू होण्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, १ एप्रिलला, अॅन आर्बरच्या विद्यापीठ परिसरात ‘हॅश बॅश’ भरला, तो पुढे वार्षिक प्रघातच झाला. परंतु अॅन आर्बर हे विद्यापीठाचे शहर. कॅस कौंटी हा मका, सोयाबीन आणि रविवारच्या प्रार्थनेचा मुलूख. तेथे हे चालवून घेतले जाणार नव्हते.

या परगण्याचा इतिहासही येथे आठवतो. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतून पळून आलेल्या कृष्णवर्णी गुलामांना येथील क्वेकर पंथीय शेतकरी आसरा देत असत. १८४७ मध्ये केंटकीहून आलेल्या गुलामधरूंनी येथील शेतांवर छापे घातले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना अडवून न्यायालयापुढे उभे केले आणि पकडलेल्यांची सुटका झाली. कायद्यापुढे सद्सद्विवेकाला मान देणाऱ्या माणसांचा अभिमान आजही व्हँडेलिया बाळगते. रेनबो फार्मचे पाठीराखे हा दाखला वारंवार देतात. गुलामगिरी आणि गांजाबंदी यांची तुलना अर्थातच ताणलेली आहे. पण क्रॉसलिन यांना आपली भूमी कोणत्या वारशाची आहे असे वाटत होते, ते त्यातून कळते.

कौंटीचे सरकारी वकील स्कॉट टीटर यांचा या मेळ्यांना ठाम विरोध होता. येथे मादक पदार्थांची उघड विक्री होते, अल्पवयीन मुले ओढली जातात, असे त्यांचे म्हणणे. साध्या वेशातील पोलिसांनी मेळ्यांत खरेदी करून पुरावाही गोळा केला होता. हे चालूच राहिले तर जमीन जप्त होऊ शकते, असा इशारा टीटर यांनी दिला. त्यावर क्रॉसलिन यांनी लेखी उत्तर पाठविले: ही जमीन चोरली जाऊ देण्यापेक्षा आपण आणि आपले कुटुंब तिच्यावर मरण पत्करायला तयार आहोत. १९९९ मधील या पत्राकडे तेव्हा आततायी भाषा म्हणूनच पाहिले गेले असावे.

हा इशारा समजण्यासाठी अमेरिकेतील ‘दिवाणी जप्ती’ म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. या पद्धतीत खटला माणसावर नव्हे, मालमत्तेवर चालतो. घर, मोटार, रोकड वा जमीन गुन्ह्यासाठी वापरली गेली, असे सरकारने दाखवून दिले की ती सरकारजमा होऊ शकते. त्यासाठी मालकावर गुन्हा सिद्ध होण्याची अट त्या काळी मिशिगनमध्ये नव्हती. जप्तीच्या उत्पन्नातील वाटा पोलीस यंत्रणेकडे जात असे, त्यामुळे या तरतुदीवर टीका होत आली आहे. १९८० च्या दशकातील अमली पदार्थांविरुद्धच्या ‘युद्धा’त तिचा वापर फार वाढला. जमीनदार वृत्तीच्या क्रॉसलिन यांना तुरुंगापेक्षा याच गोष्टीची धास्ती होती.

एप्रिल २००१ मध्ये एका १७ वर्षांच्या तरुणाचा मोटार अपघातात मृत्यू झाला. तो रेनबो फार्मवरील मेळ्यातून आला होता, असे सांगितले गेले आणि प्रकरण पेटले. मे महिन्यात पोलिसांनी शेतावर छापा घातला. वॉरंट होते कर्मचाऱ्यांच्या वेतनावरील करचुकवेगिरीच्या तपासाचे. हाती लागली तळघरात वाढविलेली गांजाची दोनशेहून अधिक रोपे आणि बंदुका. दोघांना अटक होऊन जामिनावर सुटका झाली. क्रॉसलिन यांच्यावर पूर्वीच्या शिक्षेमुळे बंदूक बाळगल्याचाही आरोप ठेवण्यात आला. सरकारने जमिनीच्या जप्तीची कारवाई सुरू केली आणि न्यायालयाने मेळे भरविण्यास मनाई केली.

याच वेळी रोम यांच्या मुलाला शाळेतूनच ताब्यात घेऊन सरकारी व्यवस्थेमार्फत दुसऱ्या कुटुंबाकडे सोपविण्यात आले. या प्रकरणाचा सारा दाह येथे आहे. क्रॉसलिन यांचा त्या मुलावर कायद्याने काहीच हक्क नव्हता. दोन पुरुषांचे घर ही कल्पनाच मिशिगनच्या कायद्यात बसत नव्हती. अविवाहित जोडप्याला एकत्रितपणे मूल दत्तक घेता येत नाही, या मिशिगनच्याच नियमाविरुद्ध दोन परिचारिकांनी पुढे दावा लावला आणि जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तेव्हा निकालात समाविष्ट झालेल्या प्रकरणांपैकी तो एक होता. २००१ मध्ये हे सारे फार दूर होते. घर जाणार, जमीन जाणार, मुलगा गेलाच आहे आणि पुढे प्रदीर्घ तुरुंगवास, असे चित्र त्या दोघांपुढे होते.

ऑगस्टच्या मध्यावर मनाई हुकूम मोडून शेतावर एक छोटा मेळा भरला. टीटर यांनी जामीन रद्द करण्याचा अर्ज केला. त्याची सुनावणी ३१ ऑगस्ट रोजी होती. त्या शुक्रवारी दोघे न्यायालयात आले नाहीत. शेतावरील इमारतींतून धूर निघू लागला. ज्या सुटीत एरवी ‘रोच रोस्ट’ भरायचा, त्याच सुटीत मालकांनी आपल्या हाताने सारे जाळायला घेतले होते. चित्रीकरणासाठी वर आलेल्या एका वृत्तवाहिनीच्या हेलिकॉप्टरवर जमिनीवरून गोळी झाडली गेली आणि ती लागली. विमानावरील गोळीबार हा केंद्रीय गुन्हा असल्याने एफबीआयचे पथक दाखल झाले. आधीच राज्य पोलीस आणि शेरीफचे लोक होतेच. रस्ते अडविण्यात आले, चिलखती वाहने आली. अडथळ्यांपाशी मित्र आणि समर्थक जमले, पण त्यांना पुढे जाऊ दिले गेले नाही.

एफबीआयच्या मागे तेव्हा दोन कटू आठवणी होत्या: आयडाहोतील रुबी रिज (१९९२) आणि टेक्सासमधील वेको (१९९३). दोन्ही ठिकाणी वेढ्याचा शेवट रक्तपातात झाला होता. त्यामुळे येथे घाई करायची नाही, असे धोरण असल्याचे सांगितले जात होते. वाटाघाटी तुटक चालल्या. सोमवारी, ३ सप्टेंबरला, क्रॉसलिन हे आत शिरलेल्या एका तरुण परिचितासह शेजारच्या घरातून खाण्यापिण्याच्या वस्तू घेऊन परतत होते. झाडीत दडलेला एफबीआयचा माणूस त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी रायफल रोखली, म्हणून गोळ्या झाडल्या, असा अधिकृत वृत्तांत आहे. क्रॉसलिन जागीच ठार झाले, सोबतचा तरुण किरकोळ जखमी झाला.

रोम एकटे उरले. रात्रीच्या बोलण्यात त्यांनी मुलाला भेटवण्याची अट घातली आणि सकाळी सात वाजता शरण येण्याचे कबूल केले. मुलाला आणण्याची तयारी असल्याचे त्यांना कळविण्यात आले. पण सहाच्या सुमारास घराला आग लागली. रोम रायफल घेऊन बाहेर आले, ती खाली ठेवण्याचा आदेश त्यांनी मानला नाही आणि पोलिसांच्या दिशेने रोखली, असे राज्य पोलिसांचे म्हणणे. पोलिसांच्या गोळीने ते कोसळले. ठरलेली वेळ व्हायला तासाभराहून कमी अवधी उरला होता.

चौकशीत दोन्ही गोळीबार समर्थनीय ठरविण्यात आले, कुणावर खटला झाला नाही. नातलग आणि समर्थकांनी ते कधीही मान्य केले नाही. ज्या माणसाने तासाभरात मुलाला भेटायचे कबूल केले होते, तो पहाटे आग लावून बंदूक का रोखेल, हा त्यांचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूने, हेलिकॉप्टरवर गोळी झाडणाऱ्या सशस्त्र माणसांपुढे पोलिसांनी काय करावे, हा प्रश्नही टाळता येत नाही. या दोघांना हुतात्मे म्हणणारे त्यांनी हाती शस्त्र घेतले हे सहसा मोठ्याने सांगत नाहीत, आणि गुन्हेगार म्हणणारे त्या मुलाचा उल्लेख टाळतात. मिशिगनमध्येच वाढलेले पत्रकार डीन कायपर्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘बर्निंग रेनबो फार्म’ हे पुस्तक या घटनेचा सर्वांत तपशीलवार वृत्तांत मानला जातो.

गांजा या शब्दाचा भारतीय वाचकाच्या मनातील अर्थ थोडा वेगळा आहे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने बेताच्या सेवनाने फारशी हानी होत नाही, असा निष्कर्ष काढून सरसकट बंदीच्या विरोधात कौल दिला होता. १९८५ च्या भारतीय कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, पण झाडाची पाने व्याख्येबाहेर राहिल्याने भांग वाचली. अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने असा कोणताही भेद न करता ही वनस्पती हेरॉइनच्या पंक्तीत नेऊन बसविली होती.

मिशिगनचा कायदा मात्र पुढे बदलला. नोव्हेंबर २००८ मध्ये मतदारांनी औषधी वापराला ६३ टक्के मतांनी मान्यता दिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ५६ टक्के मतांनी प्रौढांना गांजा बाळगण्याची मुभा मिळाली; घरी बारा रोपे लावता येतात आणि अडीच औंस सोबत नेता येतो. म्हणजे तळघरातील दोनशे रोपे आजही कायद्यात बसली नसती, शेतावर तंबूत बसून विडी ओढणाऱ्यांना मात्र कुणी हटकले नसते. डिसेंबर २०१९ पासून दुकाने उघडली आणि २०२३ मध्ये राज्यातील विक्रीने तीन अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. न्यू बफेलोसारख्या सीमेलगतच्या गावांतील दुकानांसमोर इंडियानाच्या पाट्यांच्या मोटारी उभ्या असतात.

जप्तीच्या कायद्यातील बदल अधिक सावकाश झाला. २०१५ मध्ये मिशिगनने सरकारवरील पुराव्याची जबाबदारी वाढविली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘टिंब्स विरुद्ध इंडियाना’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी दंडाविरुद्धचे घटनात्मक संरक्षण राज्यांनाही बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात मिशिगनने अमली पदार्थांच्या प्रकरणांत गुन्हा सिद्ध झाल्याखेरीज मालमत्ता सरकारजमा करू नये, असा कायदा केला. तो पन्नास हजार डॉलरपर्यंतच्या मालमत्तेला लागू आहे. ३४ एकरांची जमीन आणि तिच्यावरील घरे त्या मर्यादेत बसणे कठीणच.