कच्चं घर, पक्की वाढ: बापू कुटीची गोष्ट

ज्यांना कानात इअरफोन घालून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. आजचा विषय आहे जुनं घर, आणि त्याला जोडलेलं नवीन बांधकाम.

सुरुवात आमच्याकडच्या एका धरणापासून करतो. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोह आहे. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेलं. पावसाळ्यात तिथे जाऊन रील काढणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं कोण जाणे, पण हे धरण मातीचं आहे. एवढा मोठा जलाशय मातीच्या भिंतीने अडवून धरलाय, आणि त्याच्या पाण्यावर खाली वडसा-आरमोरीपर्यंत धान पिकतं.

आता गंमत बघा. त्याच धरणाच्या आसपासच्या गावात मातीच्या भिंतीचं घर असेल, तर सरकारी कागदावर ते 'कच्चं'. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत छताचीसुद्धा अशीच वाटणी होती: हाताने थापलेलं कवेलू असेल तर छत कच्चं, मशीनचं असेल तर पक्कं. म्हणजे आमच्या कुंभाराच्या हातचं कवेलू कच्चं ठरलं! धरण मातीचं चालतं, घर मातीचं चालत नाही. हा 'कच्चं' शब्द एकदा डोक्यात बसला की माणूस घर दुरुस्त करायचा विचारच सोडून देतो. सरळ पाडतो.

म्हणून आज मला विदर्भातल्या सगळ्यात प्रसिद्ध 'कच्च्या' घराचा इतिहास सांगायचाय. सेवाग्रामची बापू कुटी. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी ती पाहिलेली असते. चपला बाहेर काढल्या, आत डोकावलो, फोटो काढला, पुढे बस. पण ही कुटी एका दिवसात, एका नकाशावर बांधलेली नाही. ती वाढवलेली आहे. आपण ज्याला आज एक्स्टेन्शन म्हणतो, ते तिला झालंय.

गोष्ट अशी. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून चालत शेगावला आले. हे बुलढाण्यातलं गजानन महाराजांचं शेगाव नाही, वर्ध्याजवळचं छोटं खेडं. दोन शेगावांमुळे टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये याचं नाव सेवाग्राम ठेवलं. गावाचे मालगुजार होते जमनालाल बजाज. हे मुद्दाम सांगतो, कारण साध्या घराच्या मागेही जमीन कुणाची तरी असतेच. मालगुजारी म्हणजे काय, हे आमच्या झाडीपट्टीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमचे निम्मे तलाव त्याच नावाने ओळखले जातात.

गांधीजींची अट होती की खर्च कमीत कमी हवा, सामान जवळपासचं हवं, आणि काम गावच्या माणसांनी करायचं. त्यातून पहिलं घर उभं राहिलं, आदी निवास. माती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. आत एकच मोठी खोली. त्याच खोलीत गांधीजी, कस्तुरबा, त्यांचे सहकारी आणि येणारे-जाणारे पाहुणे. खान अब्दुल गफार खान तिथे राहिले. आपले तुकडोजी महाराज १९३६ मध्येच जवळपास महिनाभर राहून गेले. आता विचार करा, एका खोलीत इतकी माणसं! बांना स्वतःची अशी जागाच उरली नाही. मग जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी छोटी कुटी बांधून दिली. तीच बा कुटी.

बापू कुटी म्हणून आपण जी बघतो, ती मुळात गांधीजींसाठी बांधलेली नव्हतीच. ती मीराबेन यांची झोपडी. मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी, १९२५ मध्ये भारतात आलेली. गांधीजींच्या आधी त्या शेगावात येऊन राहिल्या होत्या. या झोपडीत त्या गावातल्या लोकांना पिंजण आणि सूतकताई शिकवायच्या. भिंतीवर मातीतच त्यांनी उठावाचं काम केलं, झाडं आणि ओम. ते आजही दिसतं.

पुढे आदी निवासात गर्दी वाढली, गांधीजींचा रक्तदाब वाढला, आणि ते मीराबेन यांच्या झोपडीत राहायला गेले. आता झोपडी तीच, पण राहणाऱ्या माणसाची गरज वेगळी. म्हणून ती वाढवली. आजारी माणसासाठी खोली निघाली. न्हाणीघर आणि संडास घरालाच जोडून झाले. त्या काळात खेड्यात संडास घराला जोडून घेणं ही साधी गोष्ट नव्हती. शेजारी दफ्तर झालं, आणि तिथे चक्क टेलिफोन बसला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलायला सोपं जावं म्हणून ही सोय होती. मातीच्या घराशेजारी दिल्लीची हॉटलाइन! त्याच दफ्तरात साप पकडून ठेवायचा पिंजराही आहे. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडून यायचं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. सिस्टीम चालू आहे, माणसं वापरतायत, गरज बदलली. अशा वेळी नवशिका म्हणतो, सगळं पुसून नव्याने लिहू. अनुभवी माणूस आधी विचारतो, नेमकं काय कमी पडतंय? तेवढं जोडू. सेवाग्राममध्ये तेच झालं. प्रत्येक भागामागे एक माणूस आणि एक गरज आहे. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले, त्यांच्यासाठी कुटी झाली, आणि त्यांची मालिश गांधीजी स्वतः करायचे. शेवटी १९४६ मध्ये गांधीजी ज्या घरात राहिले, ते आखरी निवास, तेही जमनालालजींनी मुळात स्वतःसाठी बांधलेलं. तिथून ऑगस्ट १९४६ मध्ये ते दिल्लीला गेले, पुढे नोआखालीला. सेवाग्रामला परत आलेच नाहीत.

१९७८ मध्ये इव्हान इलिच नावाचा विचारवंत एका परिषदेसाठी सेवाग्रामला आला होता. तो या कुटीत जाऊन बसला आणि नंतर भाषणात तिच्याबद्दलच बोलला. त्याचा मुद्दा साधारण असा, की राहण्याची जागा वेगळी आणि सामान ठेवायची जागा वेगळी. मला हे फार पटतं. आमच्याकडे नवीन हॉल बांधतात, त्यात सोफा, टीव्ही आणि फ्रिज ठेवतात, आणि घरची माणसं मे महिन्यात दुपारी झोपायला जुन्या मातीच्या खोलीत जातात.

इथे माझ्या घरचा विषय येतो. गावाकडे आमचं घर तसंच आहे. मातीच्या जाड भिंती, कवेलू, समोर छपरी, मागे सांदवाडी. गेली दोन वर्षं घरात एकच चर्चा चाललीये, पाडायचं की ठेवायचं. आईचं म्हणणं सरळ आहे. तिला रात्री पावसात सांदवाडीतून संडासला जायचं नाही. दरवर्षी माकडं कवेलू फोडतात, ते फेरायला आता माणूस मिळत नाही. सारवण तिलाच करावं लागतं, मला नाही. शहरात बसून 'माती जपा' म्हणणं मला सोपं आहे. गुडघे तिचे दुखतात.

म्हणूनच बापू कुटीतलं न्हाणीघर मला त्या टेलिफोनपेक्षा महत्त्वाचं वाटतं. जुनं घर जपायचं म्हणजे गैरसोय जपायची, असं तिथे कुणी मानलं नाही. आजारी माणूस आहे ना, खोली काढा. पाणी-संडास जवळ पाहिजे ना, जोडा. पण त्यासाठी मूळ घर पाडलं नाही.

जोडताना मात्र जोड नीट हवी. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतला ओलावा आतच अडकतो, भिंत फुगते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. मग लोक म्हणतात, 'मातीच कमजोर.' स्लॅब आणि कवेलू जिथे भेटतात तिथे पाणी वाहून जायला वाट ठेवली नाही, तर पहिल्याच पावसात जुनी भिंत भिजते. न्हाणीचं पाणी मातीच्या पायाशी मुरायला नको. यातलं काहीच महाग नाही, फक्त आधी विचार लागतो.

आणि माती म्हणजे फक्त जुनंच, असंही नाही. वर्ध्याच्या 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' या संस्थेने कुंभाराच्या चाकावरच्या निमुळत्या कवेलूंचं छत लोकांसमोर आणलं. एकात एक कवेलू अडकवत कमान उभी करायची. लोखंड नको, लाकूड नको, आणि आतली पोकळी ऊन अडवते. वास्तुविशारद लॉरी बेकर सांगायचे की गांधीजींनी त्यांना पाच मैलांच्या आतल्या सामानाने बांधलेलं घर आदर्श म्हणून सांगितलं होतं. बेकर यांनी पुढे आयुष्यभर त्या दिशेने काम केलं.

घरकुलाचे सरकारकडून पैसे मिळतात. त्या पैशात कुणी स्लॅबची खोली बांधली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. हक्काचं घर आहे ते. माझं म्हणणं एवढंच आहे, की 'कच्चं' हा शब्द ऐकून जेसीबी बोलावू नका. आमच्या घरी सध्या तरी ठरलंय असं: मागच्या बाजूला न्हाणी, संडास आणि एक खोली पक्की, मधलं माजघर आहे तसं. दोघांच्या मध्ये हातभर मोकळी जागा आणि नाली.

जाता जाता एक काम देतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: छपरी कधी झाली? मागची खोली कुणाच्या लग्नात निघाली? हे दार कुठून आणलं? मोबाइलवर रेकॉर्ड करा. घर पाडायचं ठरलं तरी चालेल, पण हे विचारून मग पाडा. आणि आवडलं तर ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोपर्यंत, राम राम!