ब्रिटिश दूरचित्रवाणीचा नाताळ आणि त्याचे विडंबन

नाताळच्या आठवड्यातील दूरचित्रवाणीची टवाळी करणे हा ब्रिटनमध्ये एक रूढ लेखनप्रकारच होऊन बसला आहे. पुन्हापुन्हा दाखविले जाणारे युद्धपट, राजघराण्याचे भाषण, ऐन सणाच्या रात्री मोडणारी मालिकांतील लग्ने, ही ह्या टवाळीची ठरीव सामग्री होय. टवाळी सोपी असल्यामुळे तिच्या मागील इतिहासाकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः ह्या कार्यक्रमांचे स्वरूप, त्यांवरील उपहासाला मिळालेली सवलत व त्या सवलतीची मर्यादा ही तिन्ही एकाच व्यवस्थेतून उद्भवलेली आहेत.

ह्या व्यवस्थेचा आरंभ नभोवाणीच्या काळात झाला. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची साम्राज्यासाठीची लघुलहरी सेवा सुरू झाली, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेस राजा पाचवा जॉर्ज सँड्रिंगहॅम येथून प्रजाजनांशी बोलला. भाषणाचा मसुदा रडयार्ड किपलिंगचा होता. म्हणजे साम्राज्याला एका कुटुंबाचे रूप देणारे हे शब्द १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या लेखकाच्या लेखणीतून उतरले. दुपारी तीनची वेळ निवडण्यामागे भक्तीपेक्षा तांत्रिक सोय अधिक होती. साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागांत लघुलहरींनी पोहोचण्यास ती अनुकूल होती. भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते, आणि ह्या कुटुंबातील एक वयोवृद्ध सदस्य, महात्मा गांधी, येरवड्याच्या तुरुंगात होते. नाताळच्या कार्यक्रमांवरील पुढील कोणत्याही विडंबनकाराला ह्याहून तिखट प्रसंग सुचलेला दिसत नाही.

१९५७ साली हे भाषण प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसले. १९६० पासून ते आगाऊ ध्वनिचित्रित होऊ लागले, त्यामुळे तीन वाजताच बोलण्याचे मूळ कारण उरले नाही. तथापि वेळ बदलली नाही. कारण नाहीसे झाले व आचार मात्र राहिला, असे धर्मविधींच्या इतिहासात वारंवार आढळते. येथे ते अवघ्या तीन दशकांत घडले. १९६९ साली राजघराण्यावरील बोलपट उन्हाळ्यातच दाखविला गेला असल्याने त्या नाताळात भाषण झाले नाही, तेव्हा राणीला लेखी संदेश प्रसिद्ध करावा लागला. विधी चुकल्यास प्रायश्चित्त घ्यावे तसाच हा प्रकार!

२२ सप्टेंबर १९५५ रोजी आयटीव्ही सुरू झाल्यावर बीबीसीची मक्तेदारी संपली आणि नाताळ हा स्पर्धेचा सण झाला. स्पर्धा आली की मोजदाद येते, आणि मोजदादीबरोबर दंतकथाही येतात. ह्यांतील सर्वांत प्रसिद्ध दंतकथा १९७७ ची. मोरकंब आणि वाइज ह्या विनोदी जोडीचा त्या नाताळचा कार्यक्रम २ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला, असे अजूनही सर्रास लिहिले जाते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने सिद्ध केलेल्या यादीत मात्र हा आकडा २ कोटी १३ लाखांच्या आसपास आहे, आणि त्याच संध्याकाळचा माइक यारवूड ह्या नकलाकाराचा कार्यक्रम त्याच्याही किंचित पुढे आहे. त्या काळी बीबीसी लोकांना प्रत्यक्ष विचारून अंदाज बांधी, तर आयटीव्हीच्या बाजूची मोजणी संचांना जोडलेल्या यंत्रांवर चाले. दोहोंचा मेळ क्वचितच बसे. दोन्ही बाजूंना मान्य अशी संयुक्त यंत्रणा १९८१ मध्ये आली. तिच्यानंतरही सावधगिरी सुटू नये. १९८६ च्या नाताळात ‘ईस्टएंडर्स’ मालिकेतील डेनने आपल्या पत्नीपुढे घटस्फोटाचे कागद ठेवले. त्या भागास ३ कोटींहून अधिक प्रेक्षक लाभल्याचे सांगतात. त्या बेरजेत आठवड्याअखेरच्या पुनःप्रक्षेपणाचे प्रेक्षकही धरले आहेत. ‘अर्धे राष्ट्र एकाच पडद्यासमोर बसले होते’ ह्या विधानाचा आधार असा आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु आठवणीतील एकात्मता ही नोंदीतील एकात्मतेपेक्षा नेहमीच थोडी मोठी निघते, हे संशोधकाने विसरू नये.

विडंबनाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचेच विडंबन होऊ शकते, आणि ठाऊकपणाचे भांडवल तर बीबीसीजवळ होते. म्हणून तिने विडंबनही स्वतःच पुरविले. २६ डिसेंबर १९७५ रोजी एरिक आयडलच्या ‘रटलंड वीकएंड टेलिव्हिजन’चा नाताळ-विशेष प्रक्षेपित झाला. रटलंड हा इंग्लंडमधील सर्वांत लहान परगणा १९७४ च्या पुनर्रचनेत लेस्टरशरमध्ये विलीन होऊन नकाशावरून नाहीसा झाला होता. त्या नसलेल्या परगण्याचे तुटपुंजे दूरचित्रवाणी-केंद्र, ही मूळ कल्पनाच मार्मिक आहे. त्यात जॉर्ज हॅरिसन पाहुणा म्हणून येतो, पण त्याला गायचे नसून चाच्याची भूमिका करावयाची असते. अखेर तो आपल्या प्रसिद्ध भक्तिगीताचे सूर छेडतो आणि एकदम चाच्यांचे गाणे सुरू करतो. नाताळ-विशेष कार्यक्रमात बड्या पाहुण्याला आणून बसविण्याच्या रूढीवर ह्याहून नेमका घाव घालणे कठीण. १९८८ च्या ‘ब्लॅकॅडर’मध्ये डिकन्सच्या १८४३ मधील कथेची उलटापालट केली आहे: सज्जन नायक भुतांचे दर्शन घेऊन दुष्ट होतो.

मात्र ह्या सवलतीला कुंपण होते. राजकारण्यांना थेट नावे ठेवणारा ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ हा कार्यक्रम २८ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे नाताळच्याच आठवड्यात, बंद करण्यात आला. पुढील वर्ष निवडणुकीचे, हे त्याचे कारण देण्यात आले. सणाची टिंगल चाले, सत्तेची चालत नसे. ट्यूडर दरबारात नाताळच्या बारा दिवसांपुरता एखाद्यास गोंधळाचा राजा नेमीत आणि तेरावा दिवस उजाडताच सर्व पूर्ववत होई. शिमग्यातील शिव्यांचा हिशेब धुळवडीनंतर कोणी मागत नाही, तसेच हे. ही तुलना अर्थात एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. दरबारातील राजा सर्वांसमक्ष नेमला जाई, तर दूरचित्रवाणीवरील विदूषकाची नेमणूक कार्यालयातील बंद दाराआड होत असे.

भाषणाला प्रतिभाषण उभे करण्याचे धाडस १९९३ मध्ये चॅनल फोरने केले. पहिला वक्ता क्वेंटिन क्रिस्प होता. २००८ मध्ये इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद व २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन ह्यांना पाचारण झाले, तेव्हा कुंपण खरोखरच ओलांडले गेले. पण तोवर दर्शक अनेक वाहिन्यांत विखुरले होते. २०२० साली ह्याच वाहिनीने संगणकाने घडविलेली कृत्रिम राणी नाचविली. खोट्या चित्रांपासून सावध राहा, असे बजावण्याचा तिचा हेतू होता. तरीही शेकडो प्रेक्षकांनी तक्रारी नोंदविल्या. खरी राणी त्याच दुपारी, नेहमीप्रमाणे तीन वाजता, बोलून गेली होती.