गोवर, राझी आणि दारावरचा कडुनिंब

लहानपणी लोहाऱ्यात एखाद्या दारावर कडुनिंबाचा डहाळा दिसला की आम्हा पोरांना तिकडे फिरकायची मनाई असे. आत कुणाला तरी गोवर निघालेला असे. हिंदू घरांसारखा तो आमच्याही दारावर लागला. धाकट्या भावाच्या अंगावर पुरळ उठलं, तशी दादीने मला शेजारच्या घरी झोपायला पाठवलं. दहा-बारा दिवसांनी मलाही गोवर निघालाच.

पाहुण्यांना दूर ठेवण्यात शहाणपण होतं, पण डहाळा उशिरा लागत होता. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरतो. रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो.

या आजाराच्या इतिहासात आपण अभिमानाने सांगतो असं एक नाव आहे, अबू बक्र अल-राझी. रय आणि बगदादच्या रुग्णालयांत काम केलेल्या या हकीमांनी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला देवी आणि गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाठदुखी देवीत जास्त, मळमळ आणि घालमेल गोवरात जास्त, असा फरक त्यांनी नोंदवला. मात्र हे आजार रक्त उसळल्याने होतात, असं ते मानत. एकाचा आजार दुसऱ्याला कसा लागतो, हे कोडं पुढच्यांसाठी उरलं.

१८४६ मध्ये फॅरो बेटांवर साथ आली. तरुण डॅनिश डॉक्टर पीटर पानुम यांनी गावोगाव फिरून दाखवलं की लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे चौदा दिवस जातात. १७८१ च्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नव्हता. हेच संरक्षण आजाराशिवाय देणारी लस १९६३ मध्ये आली, आणि १९८५ पासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात मिळू लागली.

तरीही २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात साथ पसरली. मुंबईत मुलं दगावली. दाटीची वस्ती, कुपोषण आणि कोविडकाळात चुकलेले डोस ही कारणं होतीच. पण २०१८ च्या मोहिमेत ‘लसीने मूल होत नाही’ ही अफवा आपल्याच मोबाईलवरून फिरली होती, हेही विसरू नये.

पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही मिळाले, तरच साथ थांबते. राझींचं नाव अभिमानाने घेणाऱ्यांनी आज घरातल्या मुलांचं लसीकरण कार्ड काढून दुसऱ्या डोसची तारीख पाहावी.